ठिपका जिवंत आहे का?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल टाकून आलेली पिकअप रात्री घरासमोर लावली आणि पहाटे साडेचारला उठून बघितलं, तर जागा रिकामी. गाडी माझ्या ओळखीच्या एका भाजी वाहतूक करणाऱ्या गृहस्थांची. फोनवर त्यांचा आवाज फारसा घाबरलेला नव्हता. "जीपीएस लावलाय ना आपण, जाईल कुठं?" असं ते मलाच धीर देत होते. मी पोहोचलो तेव्हा मोबाइलवर नकाशा उघडलेला होता आणि गाडीचा ठिपका मंचरच्या एका टायरवाल्याच्या दुकानासमोर उभा होता. दोघंतिघं मोटरसायकली काढून निघायच्या बेतात होते. तेवढ्यात त्यांच्या मुलानं ठिपक्यावर बोट टेकवलं आणि खाली बारीक अक्षरांत तारीख उघडली. ती सात महिन्यांपूर्वीची होती.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. आतल्या सिमकार्डचं वर्षाचं रिचार्ज संपलं होतं. ते संपल्याचा मेसेजही आला असणार, पण तो त्या सिमवर, म्हणजे डॅशबोर्डच्या आत. तो वाचणार कोण? सात महिने गाडी रोज बाजार करत होती आणि ठिपका मंचरला थांबलेला होता. ॲप उघडायची वेळच आली नव्हती.

त्या सकाळपासून मी या विषयाच्या मागे लागलो. लोक पोटाला चिमटा काढून हे यंत्र घेतात आणि ते नेमकं काय करतं, काय करू शकत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही. विकणारा बसवून देतो, ॲप टाकून देतो आणि निघून जातो.

सर्रास ऐकू येणारा समज असा, की वरून उपग्रह आपल्या गाडीवर नजर ठेवून असतो. उपग्रहाला आपल्या गाडीचा पत्ताही नसतो. अमेरिकेच्या जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीला फेरी घालतात आणि सतत तेच तेच सांगत राहतात: मी अमुक उपग्रह, या क्षणी अमुक जागी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. आकाशवाणीसारखं आहे हे. बातम्या कोण ऐकतंय ते केंद्राला कळत नाही. गाडीतलं यंत्र म्हणजे नुसता कान. संदेश निघाल्यापासून इथं पोहोचायला सेकंदाचा जेमतेम सात शतांश भाग लागतो आणि तेवढ्या वेळावरून त्या उपग्रहाचं अंतर निघतं. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा बांधता येते. चौथा लागतो, कारण गाडीतल्या यंत्राचं घड्याळ स्वस्तातलं असतं आणि त्याची चूक हिशेबातून काढावी लागते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची गफलत झाली, तरी जागा ३०० मीटरने हुकते. म्हणून तर प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. तेही जमिनीवरच्या घड्याळाच्या तुलनेत दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानं ही तफावत आधीच सांगितली होती. ती दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साठेल.

या मालेतला पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि यंत्रणा पूर्णपणे कामाला लागली १९९५ साली. पण मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांसाठीचा संदेश मुद्दाम गढूळ करत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. शंभर मीटर म्हणजे आपल्या पेठांमध्ये दोन-तीन गल्ल्यांचा फरक. ते गढूळपण काढून टाकल्यावर मोकळ्या आकाशाखाली ही चूक पाच-दहा मीटरवर आली आणि मगच चोरीची गाडी शोधायला जीपीएस खरोखर उपयोगी पडू लागलं.

इथवर गाडीला फक्त स्वतःची जागा कळली. ती आपल्याला कळवण्याचं काम सिमकार्डचं. यंत्र दर काही सेकंदांनी मोबाइलच्या टॉवरमार्फत कंपनीच्या सर्व्हरकडे आकडे धाडतं आणि सर्व्हर ते आपल्या ॲपमध्ये दाखवतो. यंत्रांसाठीच्या अशा सिमना आपल्याकडे २०१८ च्या जुलैपासून तेरा अंकी क्रमांक मिळू लागले. स्वस्तातल्या यंत्रांत मात्र पुष्कळदा साधंच टू-जी सिम असतं आणि टू-जी सगळ्या कंपन्यांकडे नाही. घाटात टॉवर तुटला, की जरा बरं यंत्र आकडे साठवून ठेवतं आणि रेंज आल्यावर एकदम धाडतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये आकाश दिसत नाही, तिथं जवळच्या टॉवरवरून अंदाज बांधला जातो. तो अंदाज शहरात काहीशे मीटरचा, गावाकडे काही किलोमीटरचा. नकाशावर ठिपका दिसतो तो दोन्हीकडे सारखाच, हे विसरायचं नाही.

बसवण्याचं काम बघायला मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तासभर बसलो होतो. स्कूटर होती. त्यानं पुढचं पॅनेल सोडवलं, हेडलाइटच्या मागच्या वायरिंगच्या जुडग्यातून तीन वायरी वेगळ्या काढल्या: एक थेट बॅटरीची, एक अर्थिंगची आणि एक चावी फिरवल्यावर करंट येणारी. तिसरीवरून यंत्राला कळतं, की गाडी चालू आहे की बंद. जोड दिल्यावर त्यानं नुसती टेप गुंडाळली नाही, आधी झाळलं. "नुसता पीळ मारला तर पावसाळ्यात गंज धरतो, काका. मग गाडी चालू होत नाही आणि शिव्या आम्हाला." यंत्र काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. त्याची एक बाजू आकाशाकडे ठेवावी लागते. वर प्लास्टिक चालतं, पत्रा चालत नाही. सगळं पॅनेल परत बसल्यावर कुठं काही केलंय, याचा मागमूस उरला नाही. निघताना तो म्हणाला, "कुठं बसवलाय ते कुणाला सांगू नका. पोरांनापण नको, मित्रांना सांगत बसतात."

त्याच्याकडेच एक हिशेब कळला, तो स्कूटरवाल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. स्कूटरची बॅटरी तीन ते पाच अँपिअर-अवरची. यंत्रानं गाडी बंद असतानाही सतत दहा मिलिअँपिअर ओढले, तर तीनची बॅटरी बारा दिवसांत आणि पाचची तीन आठवड्यांत रिकामी होते. उन्हाळ्यात महिनाभर गावाला गेलात, की परतल्यावर गाडी ढिम्म. म्हणून गाडी उभी असताना झोपी जाणारं आणि हलवली की जागं होणारं यंत्र घ्यावं. विकणाऱ्याला झोपेत किती करंट ओढतं, हे आकड्यात विचारावं.

पिकअप, टेम्पो, कारमध्ये रिले बसवतात. पेट्रोल किंवा डिझेल पंपाची वायर त्या रिलेतून फिरवायची आणि फोनवरून हुकूम दिला की पंप बंद. ऐकायला हे फार मोठं अस्त्र वाटतं. पण धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं, की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर दोन-चार दाबांनंतर संपतो. पुणे-नाशिक रस्त्यावर ऐंशीच्या वेगात असं झालं, तर मरणारा चोरच असेल असं नाही, समोरून येणारं एखादं कुटुंबही असेल. नीट बनवलेली यंत्रं वेग अगदी कमी झाल्यावर किंवा गाडी थांबल्यावरच पंप तोडतात. तुमचं तसं नसेल, तर त्या बटणाला हात लावू नका. दुसरी गोष्ट अशी, की बहुतेक ठिकाणी रिले अशा रीतीनं जोडतात, की ट्रॅकर बंद पडला तरी मालकाची गाडी रस्त्यात अडकू नये. त्याचा उलटा अर्थ असा, की चोरानं ट्रॅकर उपटून फेकला तर इंजिन पुन्हा चालू होतं.

म्हणून लपवणं हाच या यंत्राचा प्राण आहे, असं माझं मत झालं. आणि याला बळकटी देणारा एक जुना अमेरिकी अनुभव आहे.

जीपीएस सामान्यांच्या हाती येण्याआधी, १९८६ साली, मॅसॅच्युसेट्समध्ये लोजॅक नावाचं यंत्र बाजारात आलं. त्यात उपग्रहाचा संबंध नव्हता. गाडीत एक छोटा रेडिओ प्रक्षेपक लपवलेला असे. चोरीची तक्रार आली की तो दुरून जागा केला जाई आणि पोलिसांच्या गाड्यांतली यंत्रं त्याचा माग काढत. गाडीवर लोजॅक असल्याची काहीही खूण ठेवायची नाही, असा दंडक होता. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या दोघा अभ्यासकांनी १९९८ साली याचा हिशेब मांडला. मोठ्या शहरांच्या मध्यभागी दर तीन लोजॅकमागे वर्षाला एक वाहनचोरी टळत होती, असं त्यांना आढळलं. टळलेली चोरी बहुतेक वेळा लोजॅकवाल्याची नव्हतीच. कोणत्या गाडीत यंत्र आहे हे चोराला कळत नसल्यामुळे त्याला प्रत्येकच गाडीची धास्ती बसली आणि ज्यांनी एक पैसा खर्च केला नव्हता त्यांच्याही गाड्या वाचल्या. शिवाय चालू प्रक्षेपक पोलिसांना थेट गाड्या मोडणाऱ्यांच्या गोदामापर्यंत घेऊन जाई.

पुढे मेक्सिकोत याच्या नेमकं उलट घडलं. तिथं फोर्डच्या ठरावीक मॉडेलांना ठरावीक राज्यांत लोजॅक बसवून आलं आणि त्याचा गाजावाजा झाला. त्या राज्यांत त्या गाड्यांच्या चोऱ्या जवळपास निम्म्यावर आल्या. पण तीच मॉडेलं शेजारच्या, लोजॅक नसलेल्या राज्यांत जास्त चोरीला जाऊ लागली. कुठलं दार बंद आहे हे चोराला कळलं, तेव्हा तो शेजारच्या दाराशी गेला.

आपल्याकडे काचेवर 'या गाडीत जीपीएस आहे' असं स्टिकर लावून मिळतं. नवशिका चोर त्यानं बिचकत असेल, हे मी मान्य करतो. पण सराईताला ते स्टिकर सांगतं, की आधी ट्रॅकर शोध. मी स्टिकर लावणार नाही.

सराईत काय करतो, तेही माहीत असलेलं बरं. पहिलं काम बॅटरीची केबल काढणं. यंत्रात स्वतःची छोटी बॅटरी नसेल, तर खेळ तिथंच संपला. दुसरं, डॅशबोर्डखालच्या निदानाच्या सॉकेटमध्ये खुपसलेलं यंत्र उपटणं. ते बसवायला एक मिनिट लागतं आणि काढायला त्याहून कमी. तिसरं, गाडी थेट अड्ड्यावर न नेता एखाद्या गर्दीच्या पार्किंगमध्ये किंवा सोसायटीच्या भिंतीकडेला दोन दिवस सोडून देणं. कुणी शोधत आलं नाही, म्हणजे गाडीत काही नाही. हे दोन दिवस मालकाच्या हातातले असतात. चौथं, जॅमर. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की तळहाताएवढं यंत्रही तो बुजवू शकतं. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाजवळ २०१३ साली एका ट्रकचालकाला सरकारनं सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड ठोठावला. मालकाला आपण कुठं आहोत ते कळू नये म्हणून त्यानं जॅमर लावला होता आणि त्यामुळे विमानतळावरच्या विमानं उतरवण्याच्या यंत्रणेत अडथळा येत होता. भारतात सरकारच्या खास परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे.

आणि एकदा गाडी अड्ड्यावर पोहोचली, की ती गाडी राहत नाही. मेरठचा सोतीगंज बाजार यासाठी देशभर बदनाम होता. गाडी तिथं शिरली की इंजिन, दरवाजे, गिअरबॉक्स वेगवेगळ्या दुकानांत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. अशा ठिकाणी काम तासांत उरकतं. ट्रॅकरची किंमत ठरते ती याच तासांत. सकाळी सातला कळलेल्या चोरीला नकाशा फारसा कामाचा नसतो, रात्री दोनला कळलेल्या चोरीला तो सर्वस्व असतो. म्हणून ॲपमधल्या दोन सोयी लगेच चालू करायच्या. एक म्हणजे कुंपण: घराभोवती नकाशावर गोल आखायचा, गाडी त्याबाहेर पडली की फोन खणखणला पाहिजे. दुसरी, बॅटरीची केबल निघाल्याची सूचना. रात्री फोन सायलेंट ठेवण्याची सवय असेल, तर या ॲपला त्यातून सूट द्या.

चोरी मुळात होऊच नये, यासाठी मात्र जुनी साधनं अजून पुढे आहेत. युरोपीय संघानं १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. त्यानंतर तिथल्या वाहनचोऱ्या मोठ्या प्रमाणात घटल्या. आपल्या मोटरसायकलींना, जुन्या पिकअपना ही सोय नसते. त्यांच्यासाठी डिस्क लॉक, गिअर लॉक, साखळी. हँडल लॉकवर विसंबू नका, ते एका हिसक्यात तुटतं. कुलूप चोराला दहा मिनिटं खोळंबवतं आणि उघड्यावर दहा मिनिटं थांबायला चोर तयार नसतो.

ट्रॅकरच्या बाबतीत सरकारनं एक चांगलं काम केलं आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत बसमध्ये झालेल्या अत्याचारानंतर प्रवासी वाहनांत ट्रॅकर आणि संकटाचं बटण असावं, ही मागणी पुढे आली. त्यासाठीचं एआयएस-१४० हे मानक पुण्यातल्या एआरएआय या संस्थेनं प्रसिद्ध केलं आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्या बस, टॅक्सींना ते लागू झालं. त्यात ट्रॅकरला स्वतःची चार तास पुरेल अशी बॅटरी हवी, सिम सहजी काढता येऊ नये आणि आपल्या 'नाविक' उपग्रहांचे संदेशही घेता यावेत, असं म्हटलं आहे. इस्रोनं नाविकचा पहिला उपग्रह २०१३ च्या जुलैत सोडला. २०२३ च्या मेमध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदाच भारतीय बनावटीचं अणुघड्याळ होतं. दुचाकी, रिक्षा आणि खासगी गाड्यांना ही सक्ती नाही. पण खासगी गाडीसाठी यंत्र घेतानाही हेच मानक विचारावं, असं मी सांगेन. चार तासांची बॅटरी ही एकच अट कितीतरी फालतू यंत्रांना बाद करते.

फालतू यंत्रांचा धोका चोरीपुरता नाही. २०२२ च्या जुलैत अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं मायकोडस या चिनी कंपनीच्या एका स्वस्त ट्रॅकरबद्दल इशारा दिला. त्याच्या सर्व्हरचा एक पासवर्ड सगळ्यांना एकच होता, आणि ग्राहकांना मिळणारा सुरुवातीचा पासवर्ड १२३४५६. तो बदलला नाही, तर गाडी कुठं आहे, घर कुठं आहे, घर रिकामं कधी असतं, हे सगळं परक्याला दिसतं. तुमच्या ॲपचा पासवर्ड काय आहे, तेवढं बघून घ्या.

ब्लूटूथवर चालणारे बिल्ले ट्रॅकर म्हणून वापरणारेही आता भेटतात. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला. तो चावी, पिशवी शोधायला बनवलेला आहे. त्याला ना जीपीएस, ना सिम. जवळून जाणाऱ्या दुसऱ्याच्या आयफोनमार्फत तो आपली जागा कळवतो. कुणी लपून पाठलाग करू नये म्हणून तो काही वेळानं जवळच्या माणसाच्या फोनला सूचनाही देतो, की अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय. माणसाच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण गाडीत बसलेल्या चोरालाही तीच सूचना मिळते.

पाठलागाचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. ट्रॅकर स्वतःच्या गाडीला लावायचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये, पोलिसांनी एका संशयिताच्या जीपला लावलेला ट्रॅकर म्हणजे झडतीच ठरते, असा निकाल एकमतानं दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आणि २०२४ मध्ये, जामिनावरच्या आरोपीनं पोलिसांना सतत आपली जागा दाखवत राहावी ही अट रद्द केली. आरोपीलाही जिथं हे संरक्षण आहे, तिथं बायकोच्या किंवा मुलीच्या स्कूटरला तिला न सांगता ट्रॅकर लावणाऱ्यानं आपण काय करतोय याचा विचार करावा. पगारी ड्रायव्हरलाही गाडीत यंत्र आहे हे सांगावं. कुठं आहे, ते सांगू नये.

गाडी गेलीच, तर ठिपक्यामागे स्वतः धावू नका. तिकडे किती माणसं आहेत, काय घेऊन आहेत, हे तुम्हाला माहीत नसतं. ११२ वर फोन करा आणि चालू ठिकाणाची लिंक पोलिसांना द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार कुठल्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. आमच्या त्या पहाटे ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला तो ट्रॅकरचा आयएमईआय क्रमांक आणि आतल्या सिमचा नंबर. दोन्ही कुणाकडेच नव्हते. ते गाडीच्या कागदांत होते, आणि कागद गाडीत. आरसी, चासी आणि इंजिन नंबर, आयएमईआय, सिमचा नंबर या सगळ्याचे फोटो घरच्या दोन माणसांच्या फोनमध्ये असू द्या.

ती पिकअप मिळाली नाही. विमा फर्स्ट पार्टी होता म्हणून निभावलं. नुसता थर्ड पार्टी असता, तर चोरीचा एक रुपयाही मिळाला नसता. पोलिसांची 'अ समरी' येईपर्यंत, म्हणजे गुन्हा खरा पण माल आणि आरोपी सापडले नाहीत असा अहवाल कोर्टात जाईपर्यंत, पाच महिने गेले. विमा कंपनीनं दोन्ही चाव्या मागून घेतल्या. त्या पाच महिन्यांत त्या गृहस्थांनी भाड्याच्या गाडीनं बाजार केला आणि निम्मी कमाई भाड्यात गेली.

नव्या पिकअपला ट्रॅकर आहे, आत बॅटरी आहे, काचेवर स्टिकर नाही. रिचार्जची तारीख घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करून ठेवली आहे. तुमच्या गाडीला ट्रॅकर असेल, तर आज झोपण्यापूर्वी ॲप उघडा, ठिपक्यावर बोट टेकवा आणि खालची तारीख वाचा.